अक्काच्या खोकल्याची बशी

बशीवर काहीही उगवायला नको होतं, आणि ती गच्च भरली होती. एक हात कोटाच्या बाहीत, दुसरा अजून बाहेर, खांद्याला पिशवी, असा मी निघता निघता उबवणीच्या पेटीत नुसता डोकावलो होतो. गाडीला अवकाश होता, आणि घर सोडताना चुलीवर दूध तर राहिलं नाही ना म्हणून लोक बघतात, तसं प्रयोगशाळा सोडताना पेटीत बघायची मला खोड आहे. तर मेंढीच्या रक्ताने काळपट लाल झालेल्या त्या थरावर पाऱ्याचे कण सांडावेत तसे ते बसले होते. बारीक, गोल, चकचकीत. बशी खिडकीकडे तिरकी केली की प्रत्येकावर उजेडाचा एकेक ठिपका. मी बशीखालची चिठ्ठी वाचली, पुसून पुन्हा वाचली. माझंच अक्षर होतं: अक्का. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण मागच्या पडवीतले ससे पिंजऱ्यांवर धडाधड आपटले आणि झाडांना पाणी घालणारा हौशीराम माळी झारी टाकून धावत आला. "हौशीराम, सापडला!" मी म्हणालो. "कुटं व्हता? मी म्हनलं कोल्ह्यानंच न्हेला," तो म्हणाला. आमचा एक ससा दोन दिवस बेपत्ता होता. मी हौशीरामला मिठी मारली. त्याला वाटलं असेल, सशावर ह्या माणसाची भलतीच माया.

ही अडतीस सालच्या फाल्गुनातली गोष्ट. लोणावळ्याला एका निवृत्त पारशी डॉक्टरांच्या बंगल्यात, मागच्या तीन खोल्यांत, मी त्यांचा मदतनीस होतो. परंदवडीच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्याला राहून बी.एस्सी. झालेला, आणि गावाच्या मते त्यानंतर वाया गेलेला. कारण वडगावच्या कचेरीत चिकटायचं सोडून महिपती लोकांच्या थुंकीत काय हुडकतो, हे कुणालाच कुणाला समजावता येत नव्हतं. मी हुडकत होतो डांग्या खोकल्याचा जंतू. मोठा नखरेल प्राणी. साध्या अन्नावर जगत नाही. त्याला उकडलेल्या बटाट्याचं पाणी लागतं, ग्लिसरीन लागतं, ताजं रक्त लागतं; हे सगळं थिजवून बशीत ओतायचं, खोकणाऱ्या पोराच्या तोंडासमोर बशी धरायची, आणि मग पेटीत उबेला ठेवून वाट बघायची. वर्षभर मी वाट बघत होतो. बाजारातल्या, रेल्वेच्या चाळीतल्या, घाटातल्या वस्तीवरच्या आया पोरांना घेऊन येत. पोरं निळी पडेपर्यंत खोकत, शेवटी ती भयंकर शीळ घालून श्वास आत ओढत, माझ्या बशीवर आणि माझ्या सदऱ्यावर ओकत, आणि चार दिवसांनी बशीवर उगवत सतराशे साठ दुसरेच जंतू. तो नाही. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की आया पोरांना आणतात ती शीळ सुरू झाल्यावर, आणि तोवर हा गडी आपलं काम उरकून निघायच्या बेतात असतो. आधीचे आठ-दहा दिवस तो सर्दीचा, घसा खवखवण्याचा, धुळीच्या ठसक्याचा वेष घेऊन बसतो. तेव्हा कुणी डॉक्टरकडे येत नाही. चोर पसार झाल्यावर कुत्रं भुंकतं, आणि आम्ही कुत्र्याच्या तोंडासमोर बशी धरून बसलो होतो. एकदोनदा तो चुकून सापडला, तर त्याला पेटीत पिढ्यान् पिढ्या वाढवताना तो माणसाळला. तोच वंश, पण चकाकी गेली, विष गेलं, अगदी गरीब गाय झाला. आणि त्याची लस करून टोचली तर शरीराला ओळख कुणाची होणार? गाईची. वाघ आला की शरीर आपलं गाईलाच शोधत बसणार.

आणि अक्काची बशी तर निव्वळ थट्टेतून झालेली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण झुंबरबाई, सोमाटण्याला दिलेली. लीलेला, माझ्या बायकोला, तिच्या माहेरी आंदर मावळात मुलगी झाली, आणि बारशाला आत्याने रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून अक्का पाळण्यावर टांगायचं चिमणाळं घ्यायला लोणावळ्याच्या बाजारात आली. दोन दिवस माझ्या खोलीवर राहिली. माझी भांडी घासली, माझ्या अंथरुणाला नावं ठेवली, आणि मधूनमधून ठसकली. मला एक निरोगी माणूस हवंच होतं. आजाऱ्याच्या बशीशेजारी ठेवायला एक कोरी बशी लागते, म्हणजे फरक कळतो. आणि अक्काहून कोरं कोण? तिला डांग्या लहानपणीच होऊन गेलेला. एकदा झाला की जन्मात पुन्हा होत नाही हे मावळातली शेंबडी पोरंही सांगतील, आणि डॉक्टरसाहेबांच्या जाडजूड पुस्तकातही तेच छापलेलं. "खोक गं जरा ह्याच्यावर," मी म्हणालो. "का रं? माज्या खोकल्याचं काय लोनचं घालतोस व्हय?" म्हणून ती इतकी हसली की हसता हसता तिला खरंच उबळ आली. तीच ही बशी.

मी कोट फेकून दिला. तारेच्या टोकावर एक कण उचलला, काचेवर पसरला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली घातला. होते. गुलाबी, आखूड, अंड्यासारखे, आणि एकमेकांपासून फटकून राहणारे, प्रत्येकजण एकटा. मग बऱ्या झालेल्या एका पोराच्या रक्ताचं निवळ पाणी आमच्याकडे जपून ठेवलेलं होतं, त्याचा एक थेंब त्यांच्यात सोडला. मी श्वास धरला होता. दूध नासताना जसं फुटतं तसे ते एकाएकी गोळागोळा झाले. तोच! त्या पोराच्या रक्ताने त्याला ओळखलं होतं! आणि इथे माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. रक्त ओळखतं. अक्काचंही रक्त ओळखत असणार, बावीस-तेवीस वर्षांमागची ती ओळख काही अगदीच पुसली नसणार, म्हणून तर तिला नुसता ठसका आहे. मग हा राहतो कसा? तो राहतो, कारण तो रक्तात येतच नाही! श्वासनळीच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते, आलेला केरकचरा वर ढकलून देणारी. हा त्या लवेत रुतून बसतो. आत मांसात शिरत नाही, रक्तात उतरत नाही. घरात शिरला तर मार खाईल, म्हणून उंबऱ्यावरच बसतो, आणि तिथूनच आत विष फेकतो. आमच्या कितीतरी पोरांच्या रक्ताचे थेंब मी तपासले होते. पांढऱ्या पेशींचा नुसता महापूर असतो, पण त्या सगळ्या रक्तातच हिंडत राहतात. गावचे सगळे रखवालदार काठ्या घेऊन चावडीपुढे गोळा झालेले, आणि चोर वेशीवर विडी ओढत बसलेला. मला हसू आवरेना. असल्या लबाडीचं कौतुक करू नये हे मला कळत होतं, पण मी खोलीभर येरझाऱ्या घालत होतो, टाळ्या वाजवत होतो, आणि डॉक्टरसाहेब नेमके मुंबईला गेलेले. सांगायचं कुणाला? त्या क्षणी मला असं वाटलं की आत्ता पळत जाऊन अक्कालाच सांगावं, अक्का, तू काय आणून दिलंस मला ठाऊक आहे का?

अक्का आत्ता कुठे असेल, असा विचार मनात आला, आणि हातातली तार खाली पडली.

अक्का आज बारशाला जायची होती. मीही तिकडेच निघालो होतो. आज नाव ठेवायचं, आणि नाव ठेवते आत्या. बाळाच्या कानाला तोंड लावून, कुर्र करून, नाव सांगते. कानाला तोंड लावून! मला ते अक्काचं तोंड दिसलं, मशेरी लावलेले दात, आणि त्या तोंडापासून चार बोटांवर माझ्या मुलीचं नाक, जिला मी अजून पाहिलंही नव्हतं. बारा दिवसांचं मूल. तेवढं मूल खोकतदेखील नाही, शीळही घालत नाही, त्याला तेवढा दमच नसतो. ते नुसतं श्वास घ्यायचं विसरतं. मी बशी रुमालात गुंडाळली, पिशवीत घातली, कोट तिथेच राहिला, आणि पळत सुटलो. स्टेशनवर गाडी हलायला लागली होती. पायरीवर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने माझं मनगट धरून मला आत ओढलं आणि वर म्हणाला, "कुनी आजारी हाय का, भाऊ?" "नाही," मी म्हणालो, "अजून नाही."

गाडीत मी खिडकीशी बसलो, पण बसवत नव्हतं. पिशवी मांडीवर, हात पिशवीत, बोटं बशीच्या काठावर. भीती वाटत होती हे खरं, पण भीतीच्या खाली ते दुसरं उकळतच होतं, त्यावर काही केल्या झाकण बसत नव्हतं. आम्हा दोघांना डांग्या झाला तेव्हा मी पाच वर्षांचा, अक्का बारा-तेराची. मला त्यातलं सगळं आठवतं. आधी गळ्यात एक गुदगुली, मग खोकला, मग खोकल्यावर खोकला, मध्ये श्वासाला फटच नाही, डोळ्यांपुढे काळं, त्या काळ्यात लाल, आणि छातीतली हवा संपलेली असतानाही खोकला चालूच. मग एकाएकी ती शीळ, जशी बंद दाराखालून वाऱ्याने वाट काढावी. अक्का स्वतः खोकत असे आणि तिचा एक हात माझ्या कपाळाखाली असे. आईने कुंभाराच्या गाढविणीचं दूध आणून आम्हाला पाजलं, एकाच वाटीतून. महिन्या-दीडमहिन्याने दोघेही बरे झालो आणि आई म्हणाली, सुटला पोरांचा डांग्या, आता जन्माची काळजी गेली. आम्ही ते खरं धरलं. का नाही धरायचं? आणि मग सात-आठ वर्षांनी अक्काला पहिला मुलगा झाला. त्याला सगळे सोन्या म्हणत. दोन महिन्यांचा होऊन गेला. घरात कुणी आजारी नव्हतं, गावात कुठे शीळ ऐकू येत नव्हती. पोर दूध पिता पिता निळं पडायचं, पुन्हा लाल व्हायचं, आणि एका दुपारी ते लाल झालं नाही. शेवटी शेवटी वैद्य म्हणाला, हा डांग्या. पण डांग्या आला कुठून? ठाकरवाडीची बाया नावाची बाई हिरडे विकायला दारात यायची, तिने बाळाला उचलून घेतलं होतं. झालं. तिच्या अंगावरून आला, तिची नजर लागली. तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. मी तेव्हा शाळकरी. मलाही ते पटलं होतं. गाडी कामशेत सोडून पुढे निघाली आणि मला एकदम उमगलं की माझ्या मांडीवर त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे. कुठून आला? घरातल्याच कुणाच्या तरी साध्या ठसक्यातून. कुणाच्या, ते मी पुढे नेलं नाही. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, आणि तरीही, काय सांगू, माझं अंग शहारत होतं, आनंदाने. माझी मला लाज वाटली, पण आनंद काही गेला नाही.

वडगावला उतरून मी सासरच्या वाडीकडे जाणारी टाकव्याची वाट धरली. ऊन तापलेलं, इंद्रायणीला पाणी गुडघ्याइतकंही नव्हतं. चपला हातात घेऊन मी नदी ओलांडली आणि वर चढताना मनात भाषण जुळवायला लागलो. सासूबाई, म्हणजे विठाबाई, ऐकणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांना पुरावा दाखवायचा. बशी काढायची, झाकण उघडायचं आणि म्हणायचं, हे बघा, हे चकचकणारे... आणि मी वाटेतच थांबलो. झाकण उघडायचं? बाळंतिणीच्या घरात? बारा दिवसांच्या पोरीपुढे? अक्काच्या छातीत असतील नसतील त्याच्या लाखपट मी रुमालात बांधून, पिशवीत घालून, पळत पळत माझ्याच मुलीकडे घेऊन चाललो होतो. असला गाढवपणा शिकल्यासवरल्याशिवाय करता येत नाही. मी तिथे उन्हात एकटाच मोठ्याने हसलो. बाजूच्या खाचरात बारकू ठाकर राब भाजत होता. भाताचं रोप टाकायच्या आधी तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात, तो जाळ चांगला भडकलेला. मी बांधावरून उतरलो आणि बशी रुमालासकट आगीच्या पोटात टाकली. वर्षभराची वाट बघणं, जगात माझ्याखेरीज कुणी न पाहिलेले ते थेंब, सगळं एका चटक्यात फुटलं. काच तडकल्याचा आवाज मी कान देऊन ऐकला. "काय जाळताय, भाऊ?" बारकूने विचारलं. "खोकला." त्याने काठीने जाळ पुढे सारला आणि म्हणाला, "आसा जळत आसंल तर आमच्या म्हातारीचा बी आनतो." आणखी एक पाचोळ्याचा भारा त्याने त्यावर लोटला. मी निघालो. आता माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, नुसतं तोंड होतं.

वाडीवर पोचलो तेव्हा ओसरी बायकांनी भरलेली, घुगऱ्यांचा वास सुटलेला, पाळण्यावर अक्काचं चिमणाळं गरगरत होतं. सासूबाईंच्या घरची एक रीत आहे, तिला मी मागे हसलो होतो: नाव ठेवेपर्यंत आत्याने बाळाचं तोंड बघायचं नाही. त्यामुळे अक्का हिरवं लुगडं नेसून, पाळण्याकडे पाठ करून, पाटावर बसली होती. पोचून तासभर झाला असेल, पण तिने बाळ पाहिलेलं नव्हतं. दोन बायका टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून देत होत्या. तो झाला की बाळ. आतल्या दारात लीला उभी होती, छातीशी दुपट्याचं गाठोडं घेऊन. मी अंगणातूनच ओरडलो, "अक्का, ऊठ! पाळण्यापासून लांब हो!"

वरवंटा जागच्या जागी थांबला. "जावईबापू," विठाबाई म्हणाल्या, "पाय तर धुवा आदी."

"अक्का, तुझ्या खोकल्यात डांग्याचा जंतू आहे. मी आज पाहिला."

"मला?" अक्का वळली, तीही अर्धीच, बाळ दिसू नये म्हणून. "आरं, मला झालाय की पोरपनी. तुला बी झालाय. येकदा झाल्यावर परत कुटं येतो?"

"देवी आन् डांग्या, जल्मात येकदाच," विठाबाई म्हणाल्या, आणि ओसरीवरच्या सगळ्या माना हलल्या. माझी सुद्धा हलली असती, कालपर्यंत.

मग मी बोललो. अंगणात उन्हात उभा राहून, पायाला नदीचा चिखल, मी त्यांना सगळं सांगितलं: तो रक्तात येत नाही, लवेत बसतो, उंबऱ्यावर बसतो, राखणदार आत फिरत राहतात, मोठ्या माणसाला नुसता ठसका देतो आणि त्या ठसक्यावर बसून लहानाकडे जातो, आणि एकदा होऊन गेलेली ओळख वर्षं गेली की विरते, म्हणून तो जुन्याच घरी नव्या वेषात परत येतो. मी हातवारे करत होतो. माझा आवाज चढत होता. मला वाटतं इतकं चांगलं मी पुढे कधीही कुठल्या सभेत बोललो नाही. बायका माझ्याकडे अंगात आलेल्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

"मैप्या," अक्का हळूच म्हणाली, "तू हसतोयस."

 मी खरंच हसत होतो.

"कुटं हाय तुजी बशी? दाव."

"जाळली."

"जाळली!" विठाबाईंनी कपाळाला हात लावला. "आन् आता आत्याबिगर नाव ठिवायचं व्हय? पोरीला आपशकून करता?"

अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळाला घाम होता, कुंकू ओघळायला आलं होतं. ह्या दिवसासाठी ती किती तयारीने आली होती हे मला तेव्हा कुठे दिसलं: नवं लुगडं, हातात नव्या बांगड्या, मांडीवर लाल खणाची कुंची, तिने स्वतः शिवलेली. सोन्यानंतर तिला मूल झालं नाही. तिला एक उबळ आली. तिने पदर तोंडाशी धरला आणि मान पार दुसरीकडे वळवली. साधीच उबळ, कुणाच्या लक्षातही न येणारी. मग ती विठाबाईंना म्हणाली, "ह्यो खोटं बोलताना कान चोळतो, ल्हानपनापास्नं. आज चोळला न्हाई." आणि उठली. कुंची पाटावर ठेवली, पण तिने ती तोंडाजवळ धरून शिवलेली असणार हे तिच्याच ध्यानात आलं असावं. तिने ती परत उचलली, छातीशी धरली, आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाने उतरून, अंगण ओलांडून, खळ्याच्या पलीकडे करंजाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली.

ओसरीवर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं चुलत आत्या चालते, कुणी म्हणालं मामीही चालते.  लीला मात्र दारातून पुढे आली, पायऱ्यांपाशी. बाळंतपणाने तिचं तोंड बारीक झालं होतं आणि डोळे मोठे. तिने दुपट्याचं टोक सारलं आणि गाठोडं माझ्याकडे पुढे केलं. "निदान तुमी तरी घ्या," ती म्हणाली. मी दोन पायऱ्या चढून पाहिलं. लाल, सुरकुतलेलं, मिटल्या डोळ्यांचं, कपाळाला काजळाची तीट, नाक अगदी अक्काचं. तिची नाकपुडी हलत होती, बारीक, इतकी बारीक की मला ती सूक्ष्मदर्शकाखाली घालून बघावीशी वाटली. माझे हात आपोआप वर आले. आणि तिथेच थांबले, कारण अक्काबद्दल अंगणात ओरडून सांगितलेला एकूण एक शब्द माझाच होता. मलाही तेव्हाच झालेला, त्याच वाटीतलं दूध प्यालेलो. दोन दिवस एका खोलीत तिचा ठसका माझ्या तोंडासमोर, एकाच तांब्यातलं पाणी. वर्षभर रोज पोरांचा खोकला अंगावर घेणारा मी. आणि माझ्या स्वतःच्या खोकल्यासमोर मी कधी बशी धरली होती? मला काही होत नाही, असं कुणी सांगितलं होतं मला? मी एक पायरी खाली उतरलो. मग आणखी एक.

"तुमी बी?" लीला म्हणाली.

"मी बी," मी म्हणालो. पुण्याला गेल्यापासून ही भाषा माझ्या तोंडात आली नव्हती.

तिने बाळ परत छातीशी घेतलं. तिचे डोळे भरून आले होते, पण मान तिने होकारार्थी हलवली, एकदाच, आणि मागे झाली. मी खळ्याच्या पलीकडे गेलो.  इतकं वाईट आणि इतकं जिवंत मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

अक्का करंजाच्या बुंध्याला टेकून उभी होती. मी जवळ गेलो तरी तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तवा घरात आजारी कुनीच नव्हतं," ती म्हणाली. "सासू धडधाकट, ह्ये धडधाकट. माजाच घसा खवखवत व्हता. दिवाळीच्या सारवनाची धूळ, म्हनलं. आन् त्येला तर मी खाली ठिवतच न्हवते."  समोर उतारावर तीन-चार ठिकाणी राबाचा धूर सरळ वर चढत होता. "माज्याकडनं गेला का रं त्येला?"

माझा हात कानाकडे निघाला होता; तो मी खाली ओढला. "ठाऊक न्हाई, अक्का," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. "कुणालाच ठाऊक होणार न्हाई आता."

"तवा तुजी बशी न्हवती."

"न्हवती."

"आन् त्या बायाला," ती म्हणाली, "आमी दारात उबं केलं न्हाई. लय रडली व्हती ती. म्हनली, मी नुसता मुका घेतलाय, बाई." तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, कुंकू आणखी पसरलं. "सोमाटन्याला गेले की पयलं तिच्याकडं जाते. लांबनंच बोलते, पर जाते." मग तिने ओसरीकडे पाहिलं. तिथे चुलत आत्याला पुढे ढकलण्याचं चाललं होतं. अक्का एकदम ताठ झाली. "ए! कुनी बी कानात बोलायचं न्हाई!" ती ओरडली. "पोरीला पाळन्यात घाला! नाव मीच ठिवनार! हितनं!"

सगळं थांबलं. विठाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, क्षणभर, आणि मग त्यांनीच लीलेच्या हातून बाळ घेतलं, पाळण्यात ठेवलं, आणि पाळणा आमच्या दिशेला फिरवून धरला. "आना आवाज मग," त्या म्हणाल्या. अक्काने कुंची माझ्या हातात दिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि कुर्र केलं. कानात करायचा नाजूक आवाज तो. तिने तो शेतातल्या पाखरांना हाकलावं तसा काढला. मग नाव. "हौसाऽऽ! हौसा ठिवलंय गं तुजं नावऽऽ!" आवाज ओसरीवर गेला, कौलांवरून पलीकडे गेला, उताराला लागून परत आला, आणि पलीकडच्या खाचरातून बारकूने की कुणी तरी, काय झालं हे न कळताच, जोराची आरोळी देऊन उत्तर दिलं. शेवटचा शब्द उबळीत बुडाला. नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, पण इथे बाई कोण येणार? मीच घातले. एक, दोन, आणि मग उबळ थांबेना म्हणून तिच्या कपाळाखाली हात धरला. ती वाकलेली, डोळ्यांतून पाणी, आणि तरी मला दिसलं की ती हसतही होती.

पाळण्यातून रडणं सुरू झालं. एवढ्या मोठ्या हाकेने ती दचकली असावी. मी अक्काचं कपाळ धरून तसाच उभा राहिलो आणि सगळ्या अंगाचे कान केले. श्वास आत जाताना ऐकला, बाहेर येताना ऐकला, पुन्हा आत जाताना. ओसरीवर बायका हसत होत्या, भांडी वाजत होती, मला तिच्याशिवाय दुसरं काही ऐकायचं नव्हतं. अक्कानेही खोकला पदरात दाबून धरला होता. "काय म्हनतीया?" तिने दबल्या आवाजात विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, "नुसती रडतेय."